पनवेल रेल्वे स्थानक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेलबद्दल येणारे बहुतेक प्रश्न एकाच गोंधळातून येतात. इथे एकाच आवारात दोन स्थानकं आहेत: एक लोकलचं, दुसरं कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आणि रोह्याच्या मेमूचं (मेमू म्हणजे जवळच्या अंतराची, विजेवर चालणारी पॅसेंजर गाडी). दोघांची तिकिटं वेगळी, फलाट वेगळे, मुंबईला जायची वाटही वेगळी. एवढं डोक्यात पक्कं असेल तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

१. पनवेल हे कोकण रेल्वेचं स्टेशन आहे का?

नाही. पनवेल मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतं. कोकण रेल्वे महामंडळाची हद्द रोह्यापासून पुढे सुरू होते. कोकण रेल्वेचं मुख्यालय बेलापूरला असल्यामुळे आणि कोकणच्या जवळपास सगळ्या गाड्या पनवेलला थांबत असल्यामुळे हा समज पसरला आहे. व्यवहारात फरक पडतो तो तक्रार करताना. फलाट, जिना, तिकीट खिडकी याबद्दलची तक्रार मध्य रेल्वेकडे जाते. गाडी वीर किंवा चिपळूणला अडकली असेल तर ती बाब कोकण रेल्वेची. दोन्हींसाठी १३९ हा एकच क्रमांक चालतो.

२. पनवेलला लोकल कधी आली? त्याआधी लोक कसे जायचे?

पनवेल मुळात बंदराचं गाव. गाढी नदीच्या खाडीतून पडाव यायचे. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पनवेलपर्यंत होडीने यायचा आणि इथून पुढे बोरघाटाच्या वाटेला लागायचा. नगरपालिका १८५२ सालची, रेल्वेपेक्षा शंभरहून अधिक वर्षांनी जुनी.

रूळ आले १९६०च्या दशकात, दिव्याकडून. आधी पनवेल, मग आपटा, आणि १९८६ साली रोहा. म्हणजे पनवेलकराला रेल्वेने मुंबई गाठायची तर दिव्याला जाऊन गाडी बदलावी लागे. त्यापेक्षा एसटी बरी, असाच बहुतेकांचा हिशोब असायचा.

खाडीवरून लोकल आणली ती नवी मुंबईसाठी. मानखुर्द ते वाशी हा टप्पा ९ मे १९९२ रोजी सुरू झाला, मग नेरूळ, मग बेलापूर, आणि २९ जून १९९८ रोजी पनवेल. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. त्याच वर्षी जानेवारीत रोहा ते मंगळूर हा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला होता. एका वर्षात दोन्ही बाजूंनी रूळ जोडले गेले आणि पनवेल जंक्शनसारखं वागायला लागलं. आजची गर्दी त्या वर्षाची देणगी आहे.

जाता जाता: वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण पनवेलपासून जवळच. त्यांनी काही काळ जी.आय.पी. रेल्वेत कारकुनी केली होती, पण तेव्हा त्यांच्या गावाकडे रूळ नव्हते.

३. कोणत्या फलाटावर कोणती गाडी येते?

१ ते ४ लोकलचे, ५ ते ७ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आणि मेमूचे. लोकल पनवेललाच संपते आणि इथूनच उलट फिरते. त्यामुळे लोकलची दिशा चुकण्याची भीती नाही, पण गाडी मुंबईची की ठाण्याची हे मात्र बघावंच लागतं (प्रश्न ४). शेवटच्या क्षणी फलाट बदलल्याची घोषणा झाली तर कानावर विश्वास ठेवा, सवयीवर नको.

लोकलमधून उतरून एक्स्प्रेस पकडायची असेल तर पूल चढून पलीकडे जावं लागतं. हातात एक पिशवी असेल तर पाच मिनिटांचं काम. दोन सुटकेसी, एक आजी आणि संध्याकाळी सातची गर्दी असेल तर वीस मिनिटं धरा. एक्स्प्रेस इथे काही मिनिटंच थांबते आणि डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला लागला तर तेवढ्यात धावावं लागतं. गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास पनवेलला पोचेल अशी लोकल धरा.

४. पनवेलहून लोकल कुठे कुठे जाते? फास्ट लोकल आहे का?

मुख्य सेवा हार्बर मार्गाने सीएसएमटीला, साधारण ४९ किलोमीटर आणि एक तास वीस मिनिटं. दुसरी ट्रान्सहार्बरने ठाण्याला, नेरूळ-तुर्भेमार्गे, सुमारे पाऊण ते एक तास. शिवाय मोजक्या गाड्या थेट अंधेरी-गोरेगावकडे वळतात. त्या चुकल्या तर वडाळा रोडला उतरून बदला.

फास्ट लोकल नाही. हार्बरला रुळांची एकच जोडी आहे, त्यामुळे मागची गाडी पुढचीला ओलांडू शकत नाही. दादर, घाटकोपर, मुलुंडला जाणाऱ्यांनी कुर्ल्याला बदलावं. मुलुंडच्याही पुढे जायचं असेल तर ठाणे लोकल बरी. डोंबिवली-कल्याणकरांनी दिवा मार्गावरची मेमूही बघून ठेवावी, पण तिच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच आहेत. वेळ जुळली तर उत्तम, न जुळली तर ठाणेच.

५. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोलीसाठी कुठे उतरायचं?

"नवीन पनवेल" नावाचं वेगळं स्टेशन नाही. पनवेललाच उतरून पूर्वेकडे बाहेर पडा. पश्चिमेला जुनं शहर. बेलापूरनंतर क्रम असा: खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. कामोठ्याला मानसरोवर किंवा खांदेश्वर, खांदा कॉलनीला खांदेश्वर.

कळंबोली ही खरी फसवी जागा. कळंबोली नावाचं स्टेशन आहे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर. हार्बरची लोकल तिथे जात नाही. नकाशावर नाव बघून लोक लोकलमध्ये कळंबोलीची वाट बघत बसतात आणि पनवेलला पोचतात.

६. लोकलचं तिकीट कुठे काढू? रांग टाळता येईल का?

खिडकी, एटीव्हीएम यंत्र किंवा मोबाइल. मोबाइलसाठी रेल्वेचं रेलवन ॲप जुलै २०२५ पासून आलं आहे. त्यात लोकल, पास, प्लॅटफॉर्म आणि अनारक्षित तिकीट एकाच जागी मिळतं.

ॲपवर इथे एकच गोष्ट नेहमी चुकते. कागदाविना तिकीट स्टेशनच्या आवारात किंवा गाडीत बसून निघत नाही, कारण ॲप तुमची जागा तपासतं. टीसी दिसल्यावर तिकीट काढायची सोय राहू नये म्हणून ही अट आहे. घरातून किंवा रिक्षात बसल्यावर काढा. आत शिरून प्रयत्न केलात तर पैसे भरायच्या आधीच ॲप नकार देतं आणि तुम्ही पुन्हा रांगेत. दुसरं म्हणजे लोकलचं तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा. सकाळी काढून संध्याकाळी वापरता येत नाही.

७. लोकलचं तिकीट किंवा पास असताना ठाण्यापर्यंत कोकणातून आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढू शकतो का?

नाही. "गाडी रिकामी होती", "दोनच स्टेशनं होती" ही कारणं टीसीकडे चालत नाहीत. एक्स्प्रेसच्या जनरल डब्यासाठी मेल-एक्स्प्रेसचं अनारक्षित तिकीट लागतं. आरक्षित डब्यात तेही चालत नाही. चुकीच्या तिकिटावर सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड.

८. माझं आरक्षण सीएसएमटीपर्यंत आहे. पनवेलला उतरून त्याच तिकिटावर हार्बर लोकलने जाऊ का?

पनवेलला आधी उतरायला कोणाची हरकत नाही. पण पुढच्या लोकलसाठी वेगळं तिकीट काढा. कोकणच्या गाड्या पनवेलहून दिवा-ठाणेमार्गे मुंबईला जातात, साधारण ६८ किलोमीटर. हार्बरचा रस्ता वेगळा, ४९ किलोमीटरचा. तुमचं तिकीट पहिल्या रस्त्याचं आहे. न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळत नाहीत. चेंबूर, वडाळा, नवी मुंबईकरांना तरीही हे परवडतं, कारण ठाण्याला जाऊन परत यायचा वेळ वाचतो.

९. तिकीट दादरहून आहे, पण मी पनवेलला चढणार. चालेल?

चालेल, पण बोर्डिंग स्टेशन बदलूनच. ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यातून बदल करा, आणि तो गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी उरका. न बदलता पनवेलला चढलात तर टीसीने दादर-ठाण्यालाच तुम्हाला गैरहजर धरून बर्थ आरएसीवाल्याला (पूर्ण बर्थ न मिळालेल्या प्रवाशाला) दिलेला असू शकतो. मग भांडायला जागा उरत नाही, कारण नियम त्याच्या बाजूने आहे.

हे उलटं लागू होत नाही: एकदा पनवेल लिहिलं की दादरहून चढायचा हक्क जातो. "बघू, जमलं तर दादरला चढू" असं ठरवणाऱ्यांनी बदल करूच नये.

१०. लोकमान्य टिळक टर्मिनसला जायला कुर्ल्याला उतरू ना?

नको. "कुर्ला टर्मिनस" या तोंडी नावाने घोटाळा केला आहे. हार्बरने येणाऱ्याला टिळक नगर जवळ. तिथून सामान घेऊनही चालत जाता येतं. कुर्ल्याला उतरलात तर रिक्षासाठी वेगळी झटापट. पण कोकणचीच गाडी पकडायची असेल तर टर्मिनसला जाताच कशाला? ती पनवेलला येणारच आहे (प्रश्न ९).

११. पास कोणता परवडतो? पासावरचं "व्हाया" म्हणजे काय?

तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. म्हणजे तिमाही, सहामाही किंवा वार्षिक, कुठलाही घ्या, महिन्याचा दर तोच पडतो. मासिकाच्या मानाने दहा टक्के वाचतात, पण वार्षिकात जास्तीची बचत नाही. नोकरी पक्की नसेल किंवा घर बदलायचं असेल तर तिमाहीच घ्या.

"व्हाया" म्हणजे पास ज्या रस्त्याचा तो रस्ता. पनवेल-दादर कुर्लामार्गे पास असेल तर ठाण्यामार्गे फिरून जाता येत नाही. ठाणे लोकल अधूनमधून वापरणाऱ्यांनी त्या दिवशी वेगळं तिकीट काढावं. ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. जुना पास आज रात्री संपत असेल तर नवा आजच काढा.

१२. पास घरी विसरलो आणि टीसीने पकडलं. नंतर दाखवला तर दंड परत मिळेल?

तो भरवसा धरू नका. जवळ पास नसलेला माणूस विनातिकीट धरला जातो. पास दुसऱ्याच्या नावाचा असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण पास हस्तांतरित होत नाही, सख्ख्या भावालाही नाही. मोबाइलवरचा पास इंटरनेट नसतानाही ॲप उघडून दाखवता येतो, पण मोबाइल बंद पडला तर तो नसल्यातच जमा. स्क्रीनशॉट चालत नाही.

१३. पाहुण्यांना गाडीत बसवायला आत जायचं आहे. लोकलचा पास पुरेल?

प्लॅटफॉर्म तिकीट काढा. दहा रुपये, दोन तास. एक्स्प्रेस उशिरा असेल तर दोन तास कधी सरतात कळत नाही, म्हणून गाडी कुठे आहे ते बघून मगच काढा. गणपतीच्या दिवसांत गर्दी आवरण्यासाठी प्लॅटफॉर्म तिकिटांची विक्री काही दिवस बंद ठेवतात. तेव्हा आजी-आजोबांना एकटं चढावं लागू नये म्हणून त्यांच्याबरोबर प्रवास करणारं कोणी तरी असू द्या.

१४. आंब्याच्या पेट्या, तांदूळ, सुकी मासळी नेता येते का?

एक्स्प्रेसमध्ये फुकट सामानाची मर्यादा ठरलेली आहे: सेकंड सीटिंगला ३५ किलो, स्लीपर आणि थ्री एसीला ४०, टू एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. आंब्याच्या पेट्या सीटखाली जात नाहीत आणि वाटेत ठेवल्या की पहिलं भांडण तिथेच. सुकी मासळी आणायला ना नाही, पण बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून एसी डब्यात ठेवणाऱ्याला सहप्रवासी माफ करत नाहीत. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर झाकणाचा डबा, आणि डब्याच्या कडेला चिकटपट्टी.

लोकलमध्ये पाटी, हारा, गोणी घेऊन चढायचं तर माल डबा. ताज्या मासळीच्या पाटीखाली घमेलं किंवा जाड प्लॅस्टिक हवंच. बर्फाचं पाणी दारात सांडलं की पुढच्या स्टेशनला चढणाऱ्याचा पाय तिथेच घसरतो. गॅस सिलिंडर, रॉकेल, फटाके कुठल्याच डब्यात नाही.

१५. मुलगा बारा वर्षांचा आहे. महिला डब्यात येऊ शकतो का?

बारा वर्षांखालचा मुलगा येऊ शकतो. बारा पूर्ण झाली की नाही. तिकिटाचं गणित वेगळं आहे: पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं. गरोदर बाई दिव्यांगांच्या डब्यात बसू शकते. सोबतीला आलेला नवरा मात्र त्या डब्यात चालत नाही.

१६. गाडी रात्री दोनला पनवेलला पोचते. पुढे काय?

मध्यरात्रीनंतर साधारण तीन-चार तास लोकल बंद असते, पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. नवी मुंबईपलीकडे जायचं असेल तर त्याच एक्स्प्रेसने ठाणे किंवा दादर गाठणं शहाणपणाचं. पनवेललाच उतरायचं असेल तर बाहेरच्या अंधारात रिक्षाशी घासाघीस करण्यापेक्षा पहिल्या लोकलपर्यंत आतच थांबा. वैध तिकीट जवळ ठेवा. रेल्वे पोलिसांचा क्रमांक १५१२.

एसटी स्टँड स्टेशनाला लागून नाही, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. दिवसा सामान हलकं असेल तर चालता येतं, रात्री नको.

१७. रविवारी स्टेशनवर आलो तर लोकलच नाही. असं का?

मेगाब्लॉक. रूळ, ओव्हरहेड वायर आणि सिग्नलची कामं रविवारी साधारण अकरा ते चारच्या दरम्यान करतात. पण प्रत्येक रविवारी पनवेल बंद नसतं. ब्लॉक कुठल्या दोन स्टेशनांमध्ये आहे ते वाचा. "पनवेल-वाशी" असेल तर पनवेलकराची पूर्ण अडचण: मुंबई आणि ठाणे दोन्हीकडची लोकल बंद, नवी मुंबई परिवहनची बस किंवा दिव्याची मेमू एवढंच उरतं. "कुर्ला-वाशी" किंवा "सीएसएमटी-चुनाभट्टी" असेल तर पनवेलहून वाशीपर्यंत आणि ठाण्यापर्यंत जाता येतं. मुंबईला ठाण्यामार्गे जा. अशा दिवशी हार्बरचं तिकीट मुख्य मार्गावर चालवून घेण्याची घोषणा बहुधा होते. ती झाली आहे का, हे खिडकीवर विचारूनच निघा.

१८. पावसात कधी निघायचं नाही?

हार्बरची दुखरी जागा कुर्ला-चुनाभट्टी. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तिथे रुळांवर पाणी चढतं आणि गाड्या मानखुर्द-वाशीच्या अलीकडे थांबतात. पनवेल ते वाशी आणि ठाणे त्या वेळी बहुधा चालू असतं. सकाळी भरतीची वेळ बघायची सवय लावून घ्या, ती वर्तमानपत्रात छापून येते.

कोकणच्या गाड्यांना पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. जोराच्या पावसात समोरचं नीट दिसत नसेल तर चालकाला ताशी ४० किलोमीटरने जायच्या सूचना असतात. जुन्या वेळेवर विसंबून फलाटावर आलात तर गाडी निघूनही गेलेली असू शकते, कारण वेळा पुढेच नव्हे, मागेही सरकतात.

१९. पेण, रोहा, अलिबागला इथून गाडी आहे का?

रोह्याची मेमू. वाटेत सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी. श्रावणात गणपतीच्या मूर्ती बघायला जाणाऱ्यांनी हमरापूर किंवा पेणला उतरावं. ही गाडी लोकल नाही, तिचं तिकीट अनारक्षित खिडकीवर वेगळं मिळतं. रोज जाणाऱ्याला पास मिळतो.

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जाणारा फाटा फक्त मालगाड्यांचा. पेणला उतरून एसटी, सुमारे ३० किलोमीटर. मेमू जुळत नसेल तर पनवेल स्टँडवरून थेट एसटी.

२०. उरणला, विमानतळाला, मेट्रोला पनवेलहून कसं?

उरणची लोकल पनवेलहून सुटत नाही. बेलापूर किंवा नेरूळला बदला. १२ जानेवारी २०२४ पासून ती खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत जाते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. त्याच्या जवळचं स्टेशन याच उरण मार्गावरचं तरघर आहे, पनवेल नव्हे. मेट्रो बेलापूर ते पेंधर चालते, तीही पनवेलला येत नाही. बेलापूरला उतरून पकडावी लागते.

२१. पनवेल-कर्जत लोकलचं काय?

जुना एकेरी मार्ग मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आहे. लोकलसाठी २९.६ किलोमीटरचा वेगळा दुहेरी मार्ग आहे: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत. घर घेताना दलाल "कर्जत लोकल दारात" म्हणेल. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडीची वेळ छापलेली दिसेपर्यंत तो शब्द घराची किंमत ठरवताना धरू नका.

२२. गणपतीला पनवेलहून जागा मिळण्याचा काही उपाय?

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. १२ सप्टेंबरला निघायचं तर १४ जुलै. आठ वाजून पाच मिनिटांनी बसलात तर वेटिंगच. आयआरसीटीसीचं खातं आधीच आधारशी जोडून ठेवा. चुकलं तर तत्काळ, आदल्या दिवशी एसीला दहा आणि स्लीपरला अकरा वाजता. जादा गाड्यांची घोषणा उशिरा होते. त्यात काही पनवेलहूनच सुटणाऱ्या असतात आणि मुंबईतून भरून आलेल्या गाडीपेक्षा त्यांत जागा मिळायची शक्यता जास्त. अनारक्षित जादा गाडीला फलाटावर रांग लावतात, सुटायच्या दोन-तीन तास आधी उभं राहा. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात मात्र चढू नका.

२३. लोकलमध्ये पिशवी राहिली. कुठे जाऊ?

लगेच १३९ वर फोन करा किंवा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जा. तीन गोष्टी तयार ठेवा: गाडी किती वाजताची, डबा पुढून की मागून कितवा, पिशवी रॅकवर की सीटखाली. लोकल पनवेलला संपत असल्याने इथे एक सोय आहे. तुम्ही उतरलेली गाडी काही मिनिटं त्याच फलाटावर उभी असते आणि मग उलट निघते. म्हणून तक्रार लिहीत बसण्याआधी धावत डब्यात बघून या.